दादाची गाडी आणि माझं वेल्डिंग

माझ्या भावाने गाडी बांधायला घेतली तेव्हा त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली तिन्ही बोटं सणसवाडीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली गेली. चूक कुणाची यावर बरंच बोलणं झालं, कागद झाले, आणि शेवटी सगळेच थकले. दवाखान्यातून आल्यावर दादा तिथल्या भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. वहिनी एका पॅकिंगच्या कंपनीत शिफ्टला जायची. दिवसभर एकटा असतो, डबा तसाच राहतो, असं ती फोनवर सांगायची. मग मी त्याला शिरूरला घेऊन आले.

शिरूरला गावाच्या कडेला आमचं वडिलांचं घर आहे. आईवडील दोघंही गेलेले. लग्न मोडून मी परत आले तेव्हापासून घरात मी एकटीच होते. अंगणात पत्र्याचं शेड आहे, तिथं मी फॅब्रिकेशन करते. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, गोठ्याचे पाइप. वेल्डिंग मी पाबळला तांत्रिक शाळेत शिकले. तेव्हा घरात सगळे नको म्हणत होते, एकटा दादा मला सायकलवर बसवून फॉर्म भरायला घेऊन गेला होता. त्यामुळे तो शेडमध्ये येऊन बसायला लागला तेव्हा मला बरंच वाटलं. माणूस निदान उठला.

दादाच्या प्रेसवर परदेशातल्या एका वर्कशॉपसाठी पत्र्याचे भाग निघायचे. जुन्या काळातली एक उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार होती, तिची हुबेहूब नक्कल ते वर्कशॉप सुट्या भागांत विकायचं. गिऱ्हाइकाने खोकी घरी न्यायची आणि आपल्या गॅरेजात स्वतः गाडी जोडायची. ती कशी जोडायची याचं एक इंग्रजी पुस्तक असायचं. ऑफिसातल्या कुणाकडून तरी दादाने त्याची झेरॉक्स घेतली होती. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण चित्रं त्याने इतकी पाहिली होती की कागद मऊ पडले होते. भंगारवाल्याकडून त्याने त्या गाडीचं एक रिजेक्ट झालेलं बॉनेटही विकत घेतलं होतं. त्याच्या एका कोपऱ्याला बारीक चीर होती, बाकी ते नवं होतं.

एक दिवस त्याने ते बॉनेट माझ्या शेडमध्ये आणून भिंतीला टेकवलं.

"ह्याच्या मागं गाडी लावायची," तो म्हणाला.

कारखान्याने त्याला गेटवर बसायचं काम देऊ केलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकची नोंद करायची, डाव्या हाताने लिहायला शिकायचं. मी त्याला त्याची आठवण केली.

"दुसऱ्याच्या गाड्यांचं नंबर लिहीत बसू व्हय?" एवढंच तो बोलला.

मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "करू द्या काय करायचं ते. हातापायाला काम लागलं म्हंजी डोकं ठिकाणावर येईल." मलाही तेच वाटलं होतं. सहा महिने लोखंडाशी खेळेल आणि मग गेटवर जाईल, असा आम्हा दोघींचा हिशेब.

संध्याकाळी काम संपल्यावर मी त्याला पुस्तक वाचून दाखवायचे. बारावीपर्यंतचं इंग्रजी आणि मोबाइलवरचं भाषांतर, एवढ्यावर. पुस्तक लिहिणारा माणूस चांगला असावा. सुरुवातीलाच त्याने सांगितलं होतं की घरच्यांना विश्वासात घ्या, घाई करू नका, दमलात तर चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी बघा. गॅरेज कोरडं आणि उबदार ठेवायला सांगितलं होतं. आमच्या शेडचा पत्रा मे महिन्यात हात लावू द्यायचा नाही. शेवटचं प्रकरण गाडीच्या नोंदणीचं होतं. त्यावर मी नजर टाकली, त्यांच्या देशातले कायदे दिसले, म्हणून सोडून दिलं. "इथलं काय ते इथं बघू," मी म्हणाले. दादाने मान डोलावली.

इंजिनासाठी आम्ही शाळेची एक मोडीत निघालेली व्हॅन घेतली. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा धुरा, स्टेअरिंग सगळं कामाला आलं. उरलेला सांगाडा, खालच्या चॅसीसकट, भंगारात गेला. चॅसी मात्र नव्याने बांधायची होती, चौकोनी ट्यूबची. जाड प्लायवर दादाने डाव्या हाताने रेषा मारल्या. त्या वाकड्या आल्या की पुसून पुन्हा. आठवडाभर तो गुडघ्यावर बसून रेषा मारत होता. मी ट्यूब कापायची, तो कोन बघायचा. त्याच्या डोळ्याला अर्धा मिलिमीटरचा फरक कळायचा. वीस वर्षं प्रेसवर काढलेला माणूस.

मला घाई असायची. पहिल्यांदा मी पुढची चौकट एका बाजूने सरळ पूर्ण वेल्ड करून टाकली. थंड झाल्यावर ती पापडासारखी वळली. दादाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप लावला, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना. चांगला बोटभर फरक. तो चिडला नाही. "समदं आधी नुसतं टाचून घ्यायचं," तो म्हणाला. "मग हितं थोडं, तिथं थोडं. लोखंडाला एकाच बाजूनं तापवलं की ते तिकडंच ओढतं." पुस्तकातही तेच लिहिलेलं होतं, फक्त मी ते वाचून पुढे गेले होते. चौकट कापून पुन्हा केली.

अशी पहिली दोन वर्षं गेली. सहा महिन्यांचं कुणी बोललं नाही.

बॉडी फायबरची करायची ठरली. बॉनेट तेवढं खरं, बाकीचा आकार चित्रावरून. थर्माकोल आणि प्लास्टरचा एक मोठा ठोकळा करून दादा तो घासत बसायचा. दरवाजाखालचा वाक त्याला जमेना, पाच वेळा त्याने तो काढून टाकला. मग साचा, साच्यावर मेण, त्यावर काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन. मेमधल्या एका दुपारी मी रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर नेहमीएवढाच टाकला आणि मगातच त्याचा दगड झाला, धूर निघायला लागला. दादा म्हणाला, "उन्हाळ्यात निम्मा टाकायचा." हे पुस्तकात नव्हतं. त्या दुपारी आम्ही दोघं खोकत अंगणात बसलो आणि उगाच हसत सुटलो. अपघातानंतर तो हसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

वहिनी दर रविवारी सणसवाडीहून यायची. सुरुवातीला ती शेडमध्ये खुर्ची टाकून बसायची, भाजी निवडायची, गाडीला हात लावून बघायची. नंतर ती घरातच बसायला लागली. तिसऱ्या वर्षी एका रविवारी ती आली ती त्याच्यासाठी एक काम शोधूनच. तिच्या कंपनीत स्टोअरला माणूस हवा होता. साहेबांशी ती स्वतः बोलली होती, हाताचंही सांगितलं होतं, त्यांना चालणार होतं. दादा काचेची धूळ अंगावर घेऊन दारात उभा राहिला.

"एवढं बॉडीचं होऊ दे," तो म्हणाला.

"मागल्या वर्षी चॅसीचं होऊ दे म्हणला व्हता."

"झालं की न्हाई मग?"

वहिनीने त्याच्या हाताकडे बघितलं. "तुमच्या हाताचं मला कवाच काय वाटलं न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडं बघत न्हाई, त्याचं वाटतं."

दादा आत वळला. थोड्या वेळाने शेडमधून सँडपेपरचा आवाज यायला लागला.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. बस लागलेली होती. चढता चढता ती थांबली. "वन्सं, एक सांगू? राग मानू नका. तुम्ही वेल्डिंग मारून दिलं नसतं, तर हे कवाच बंद पडलं असतं."

मी म्हणाले, "वहिनी, तो मग परत भिंतीकडं तोंड करून पडला असता."

"पडले असते. पन उठले बी असते कवातरी," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर ती आली नाही. सणसवाडीची खोली सोडून ती माहेरी खुटबावला गेली, भावाच्या गुऱ्हाळावर काम बघायला लागली. दादा दोनदा तिला आणायला गेला. पहिल्या वेळी तिच्या भावाने चहा दिला. दुसऱ्या वेळी ती बाहेरच आली नाही. परत आल्यावर तो मला म्हणाला, "गाडी घेऊनच जातो आता." मी ग्राइंडर चालू केला. खरं तर मलाही काम थांबवायचं नव्हतं. दिवसभर गेटच्या सळया जोडणाऱ्या बाईला गाडी बांधायला मिळते तेव्हा तिचंही मन त्यात गुंततं. हे मी वहिनीपुढं कबूल केलं नाही, दादापुढंही नाही.

शेवटच्या वर्षी सीट बसवली. आधी माणूस सीटवर बसवायचा आणि मग पॅडल कुठं लावायचे ते ठरवायचं, म्हणून दादा आत बसला. पाय लांब केले, डावा हात गिअरवर ठेवला, उजवा स्टेअरिंगवर. मी पॅडलच्या जागी खडूने खुणा करत होते. वर बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे गिअर डाव्या हाताने टाकतात. गिअर टाकायला डावा हात गेला की तेवढा वेळ गाडी उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि करंगळीवर. आणि ते स्टेअरिंग हलकं नव्हतं.

चार वर्षांत आमच्या दोघांच्या हे ध्यानात आलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. मी त्याकडे बघितलं नव्हतं. त्याचं मला माहीत नाही.

ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला लोक एक गोळा बसवतात, एका हाताने फिरवायला सोपं जावं म्हणून. मी तसा एक लेथवर करून आणला, पॉलिश केला आणि न विचारता बसवला. दादाने सकाळी तो पाहिला.

"हे काय?"

"हाताला बरं पडेल."

"मूळ गाडीला असलं काय न्हाई." पाना घेऊन त्याने डाव्या हाताने तो काढला आणि भंगाराच्या पेटीत टाकला. मी परत तो विषय काढला नाही. आजही मला वाटतं, काढायला हवा होता. भांडायला हवं होतं.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पॅडल दाबून धरायचा, दुसऱ्याने गाडीखाली पडून चाकापाशी नट सैल करायचा. "दाब," मी म्हणायची. "दाबला," तो म्हणायचा. बुडबुडे यायचे. "सोड." "सोडला." चारही चाकांना मिळून सबंध सकाळ गेली. शेवटी नुसतं तेल आलं, बुडबुडा एकही नाही, आणि पॅडल दगडासारखा कडक लागला. दादाने वरून विचारलं, "आलं का गं?" मी म्हणाले, "आलं." त्या एका शब्दावर आम्ही दोघं किती तरी वेळ तसेच थांबलो होतो, तो सीटवर आणि मी गाडीखाली.

गाडी लाल रंगवली. आता कागद करायचे म्हणून आम्ही फोटो, पावत्या, व्हॅनचे जुने कागद घेऊन परिवहन कार्यालयात गेलो. अधिकारी तरुण होता, बोलायला चांगला. मोबाइलवर त्याने सगळे फोटो बघितले, दोन-तीन मोठे करून बघितले.

"ताई, वेल्डिंग कुणाचं?"

"माझं."

"छान आहे हो. खरंच." मग त्याने फाइल बाजूला ठेवली. चॅसी कुठल्या कंपनीची, त्याने विचारलं. आम्हीच केली म्हटल्यावर तो म्हणाला की मग हिला नंबर मिळणार नाही. व्हॅनचे कागद व्हॅनच्या चॅसीचे, आणि ती चॅसी तर आम्ही मोडीत घातलेली. नव्या गाडीला मंजुरी लागते, तिच्या चाचण्या असतात, त्या कंपन्या करून घेतात. "एका गाडीसाठी कोणी करत नाही, करता येण्यासारखं नाही. तुम्ही आधी विचारायला हवं होतं."

"आन् रस्त्यावर चालवली तर?" दादाने विचारलं.

"जप्त होईल." त्याची नजर दादाच्या हातावर गेली. "चालवणार कोण आहे?"

"मीच."

 अधिकाऱ्याने फाइल दोन्ही हातांनी उचलून परत दिली.

घरी येऊन मी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण काढलं. त्या देशात घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी करून नंबर द्यायची सोय होती. गाडी पूर्ण व्हायच्या आधीच संबंधित कार्यालयात चौकशी करा, असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं होतं. मी दादाला वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं. "तू सांगितलं असतं तरी मी थांबलो नसतो," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, का खरंच, ते मला आजही कळत नाही.

आता कुणीकुणी फोन करतात. आमच्या वस्तीतल्या एकाने गाडीचा व्हिडिओ टाकला होता, तो फिरत असतो. बारामतीचा एक जण, नगरचा एक जण, सगळ्यांना घरी अशी गाडी बांधायची असते. ते ट्यूब किती जाड घ्यायची ते विचारतात. मी सांगते. चौकट आधी टाचून घ्या, कर्ण मोजा, उन्हाळ्यात हार्डनर कमी टाका. मग म्हणते, पण आधी कागदांचं विचारून या आणि घरातल्या माणसाला विचारा. तिथं त्यांचं लक्ष नसतं. ते म्हणतात, बघू ते नंतर, ताई, इंजिन कुठलं घेऊ?

परिवहन कार्यालयातून आल्यावर आठ दिवस गाडी शेडमध्ये उभी होती. नवव्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "कालव्याच्या कडंनं जरा फिरवू. तिथं कोण येतंय जप्त करायला?" मी शेजारी बसले. कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं, दोन्ही बाजूंना ऊस. पहिल्या गिअरमध्ये गाडी छान चालली. इंजिनाचा आवाज मोकळा येत होता, बॉनेट समोर चमकत होतं. दादाचा चेहरा मी बघत होते. ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे लांब कुठंतरी.

त्याने क्लच दाबला, डावा हात गिअरवर नेला. दुसरा गिअर पडला आणि त्याच वेळी पुढचं चाक ट्रॅक्टरच्या चाकोरीत उतरलं. स्टेअरिंग गर्रकन फिरलं. मी हात घातला, पण तोवर गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली होती. वेग नव्हता, मला काहीच लागलं नाही. दादा उजवा हात पोटाशी धरून बसला होता. स्टेअरिंगची दांडी त्याच्या अंगठ्यावर बसली होती. इंजिन चालूच होतं. मी हात लांब करून किल्ली फिरवली.

"लागलं का रे?"

"न्हाई."

अंगठा डोळ्यांदेखत सुजत होता. बॉनेट मधोमध दुमडलं होतं. दादा उतरला, गाडीला वळसा घालून न बघताच घराकडे चालायला लागला. मी मागून हाका मारल्या. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने मी गाडी ओढून आणली.

अंगठ्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं तरी तो नीट वाकेना. चहाचा कपही त्याला त्या हाताने धरता येत नाही. महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याला फोटो काढायच्या जागी ठेवायला काहीतरी हवं होतं. दादाने मला न विचारता त्याला गाडी देऊन टाकली, इंजिन काढून. मी कामावरून आले तेव्हा शेड मोकळं होतं आणि जमिनीवर तेलाचे चार डाग होते. मी माती टाकून ते झाकले.

पुढच्याच महिन्यात तो दौंडला गेला. तिथं एका नव्या सोसायटीत पाण्याची मोटार चालू-बंद करतो, झाडांना पाणी घालतो. टाकीखालच्या खोलीत राहतो. दौंडच का, विचारलं तर म्हणतो, मिळालं म्हणून. खुटबाव तिथून जवळ आहे, पण तो तिकडं जात नाही. वहिनीला मी एकदा फोन केला होता. सगळं सांगितलं, अंगठ्याचंही. ती म्हणाली, "वन्सं, मला आता ते सांगू नका." तिचा आवाज शांत होता. मी परत केला नाही.

मागच्या महिन्यात मी दौंडला गेले होते, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. दादा पाइप धरून कुंडीतल्या झाडांना पाणी घालत होता. मला बघून त्याने पाइप खाली टाकला, दोन खुर्च्या आणल्या. डाव्या हाताने तो आता नीट जेवतो. बारीक झालाय, दाढी वाढलीय. गावातलं कोण गेलं, कुणाचं लग्न झालं ते मी सांगत राहिले.

"घरी चल," मी शेवटी म्हणाले.

"तिथं काय करू?"

मी येताना बसमध्ये याचं उत्तर शोधलं होतं. शेडमध्ये माझ्याबरोबर काम कर, हिशेब बघ, गिऱ्हाइकांशी बोल, असं काय काय. त्यातलं काही न सांगता मी डब्याचं झाकण लावलं.

"तुझं काय चाललंय?" त्याने विचारलं.

"एका बंगल्याचं रेलिंग हाय. जिन्याचं."

"गोल जिना का सरळ?"

"सरळ."

"मग सोपं हाय," तो म्हणाला.

तेवढ्यात फाटकात पाण्याचा टँकर आला आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला. दादा उठला आणि जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडायला गेला. मी थोडा वेळ थांबले. टँकर रिकामा व्हायला अवकाश होता, आणि तो काही इकडे बघत नव्हता. मी नळाखाली डबा धुतला, त्याच्या खोलीच्या दारात उरलेली भाकरी फडक्यात बांधून ठेवली आणि स्टँडकडे निघाले.